फ्लेक्सवरची मुलगी

लग्नाला एकवीस वर्षं झाल्यावर मला एक सतरा वर्षांची मुलगी झाली. तीही लातूरच्या भर चौकात, वीस फूट बाय दहा फुटांच्या फ्लेक्सवर.

हे जरा नीट सांगायला हवं. नाहीतर त्या आठवड्यात सगळ्या लातूरनं जे समजून घेतलं तेच तुम्हीही समजून घ्याल.

मी केमिस्ट्रीचा मास्तर. आमच्या गावात तेव्हा दर तिसऱ्या घरावर क्लासची पाटी होती आणि उरलेल्या दोन घरांत क्लासची पोरं भाड्यानं राहायची. माझाही एक छोटा क्लास होता. सकाळी दोन बॅचेस, संध्याकाळी दोन. मधली दुपार मोकळी. बायको मंगल मुलींच्या शाळेत शिकवते, ती पाचला घरी यायची. मुलगा इंजिनिअरिंगला पुण्याला गेलेला, आणि त्याचा जुना कॉम्प्युटर कपाटाच्या आरशाशेजारी टेबलावर एकटाच बसलेला.

एका दुपारी मी तो सहज चालू केला. मुलानं त्यात चित्रं काढायचं एक सॉफ्टवेअर टाकून ठेवलं होतं. माउस धरला आणि एक गोल काढला. बटाटा आला. दुसरा काढला. रताळं आलं. मग मला कंट्रोल झेड सापडलं आणि मी खुर्चीवरून जवळजवळ उठलोच! आयुष्यभर पोरांना सांगत आलो की बाबांनो, एकदा ॲसिड ओतलं की ओतलं. इथं मात्र ओतलेलं परत बाटलीत जात होतं! त्या दुपारी मी चाळीस गोल काढले आणि चाळीसच्या चाळीस परत घेतले. इतका आनंद मला पीएच.डी. सोडून दिली तेव्हाही झाला नव्हता.

पुढचे पाच महिने मी वेडा झालो होतो. माणसाचा चेहरा नेमका कशानं बनतो याचं मला भलतंच कुतूहल लागलं. कातडीचा रंग म्हणून एक रंग असतो असं मी चव्वेचाळीस वर्षं समजत होतो. छे! गालात हिरवा असतो, हनुवटीखाली निळा असतो, आणि उन्हात बसलेल्या माणसाचा कान मागून लाल कंदिलासारखा पेटतो. मी क्लासमधल्या पोरांच्या गालांकडे टक लावून बघायला लागलो. (दोघं बॅच बदलून गेले.) एकदा जेवताना मंगलकडे बघत बसलो.

"काय बघताय?"

"तुझ्या कानात जांभळा रंग आहे."

"उद्या डोळे तपासून घ्या," ती म्हणाली आणि वरण वाढलं.

तिला खरं सांगायची माझी छाती नव्हती. त्या काळातल्या लातुरात सगळं कसं रिझल्टवर चालायचं. केमिस्ट्रीचा सर दुपारी चित्रं काढतो हे कळलं असतं तर पालकांनी पोरं उचलली असती. म्हणून मी तिला सांगितलं होतं की नोट्स टाईप करून राहिलोय, त्याचं पुस्तक काढायचंय. ती बिचारी शाळेत जाण्याआधी माझ्यासाठी थर्मासमध्ये चहा ठेवायची. शेजारच्यांना, तिच्या शाळेतल्या बायकांना, उदगीरच्या माझ्या अक्काला, सगळ्यांना तिनं सांगून टाकलं, "ह्यांचं पुस्तक येतंय."

पुस्तक काही येत नव्हतं. एक मुलगी मात्र येत होती.

मी ठरवलं होतं की कुणाचा फोटो बघून काढायचं नाही. जगात नसलेलं माणूस आपल्या हातून तयार होतं का ते बघायचं. दोन वेण्या, मोठे डोळे, जरा पुढे आलेले दात. कुठं अडलं, म्हणजे नाकपुडी कशी वळते, भुवई कुठं संपते, की मी शेजारच्या आरशात बघायचो. आरशात अर्थातच मी असायचो. त्याचा परिणाम काय होईल हे मास्तर असूनही माझ्या लक्षात आलं नाही. पाच महिन्यांनी ती पुरी झाली. फाईलला नाव दिलं 'मुलगी फायनल'. कागदावर छापून बघावी म्हणून पेन ड्राईव्हमध्ये घातली आणि खिशात टाकली.

त्याच आठवड्यात बारावीचा निकाल लागला. माझ्या नऊ पोरांनी केमिस्ट्रीत झेंडे लावले. लगेच फ्लेक्स! नावांची यादी आणि फोटो त्याच पेन ड्राईव्हमध्ये भरले आणि रफिकभाईंकडे नेऊन दिले. रफिकभाई म्हणजे गावातले जुने पेंटर. पूर्वी दुकानांच्या पाट्या ब्रशनं रंगवायचे, आता फ्लेक्सचं मशीन टाकलेलं. त्या संध्याकाळी मी बॅचला मोलॅरिटी शिकवत होतो, तेवढ्यात त्यांचा फोन.

"सर, नाव नौ हैं, फोटो आठच. ते चाकूरची सारिका सूर्यवंशी, तिचा फोटो न्हाई."

"बघा, असेल त्यातच कुठंतरी." (एक डोळा फळ्यावर.)

"एक 'मुलगी फायनल' करके है. तीच का?"

"फायनल, फायनल! सगळं फायनल आहे!" मी म्हणालो आणि फोन ठेवून पोरांना म्हणालो, "प्रश्न नीट वाचल्याशिवाय उत्तर लिहू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी चौकात फ्लेक्स लागला. मी तो पाहिलाच नाही, कारण चौकात जायच्या आधी मला चहाच्या टपरीवर फिजिक्सचे सर भेटले.

"अभिनंदन! पण सांगितलं नाहीत कधी, तुमची पुतणी क्लासला होती ते?"

"कोण पुतणी?"

"ती वेण्यावाली. नाक बघून लगेच ओळखली."

मी धावत चौकात गेलो. वर बघितलं. वरून मीच माझ्याकडे बघत होतो, दोन वेण्या घालून! माझं नाक, माझ्या भुवया, माझी हनुवटी. खाली ठळक अक्षरात: 'कु. सारिका सूर्यवंशी, चाकूर. केमिस्ट्री ९८'. पाच महिने रोज बघून मला जे दिसलं नव्हतं, ते रस्त्यावरच्या रिक्षावाल्यांना एका नजरेत दिसत होतं.

दुपारपर्यंत पुतणीची भाची झाली. पाच वाजता मंगल शाळेतून आली तेव्हा ती भाची राहिली नव्हती.

"शाळेत बायका विचारून राहिल्यात," पर्ससुद्धा खाली न ठेवता ती म्हणाली, "मंगलताई, तुमच्या मिस्टरांची ही कोण?"

"कोणीच नाही."

"कोणीच नाही, आणि नाक तुमचं?"

"ते चित्र आहे. मी काढलंय."

"कोणाचं?"

"कोणाचंच नाही!"

बोलता बोलताच मला कळलं की खरं बोलणाऱ्या माणसानं इतकं वाईट उत्तर जगात कधी दिलं नसेल. मंगल खुर्चीवर बसली.

"तुम्हाला सरळ रेघ मारता येत नाही. फळ्यावर बेंझिनचा षटकोन काढता तो पोरांना पापड वाटतो. तुम्ही चित्र काढलं?"

"दुपारी काढायचो. पाच महिने."

"दुपारी तर नोट्स..." ती थांबली. "किती पानं झाली नोट्सची?"

"दीड."

ती उठून आत गेली. आतून थर्मास दाणकन ठेवल्याचा आवाज आला. तेवढ्यात उदगीरहून अक्काचा फोन. अक्का माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. आई गेल्यापासून मला ओरडायचं खातं तिच्याकडंच आहे. उदगीरचा कोणीतरी एसटीनं लातूरहून परतला होता आणि उतरल्या उतरल्या आधी अक्काकडे गेला होता.

"दिलीप, चाकूरला तुझं काय होतं रे?"

"अक्का, काहीसुद्धा नव्हतं!"

"तू चाकूरच्या कॉलेजात दोन वर्षं होतास की. एकटा राहायचास खोली करून. किती वर्षं झाली त्याला?"

मी मनात हिशेब केला. अठरा. हा आकडा मी तोंडानं उच्चारला नाही, पण अक्कानं तो तिकडून मोजला होता. "सकाळच्या गाडीनं येते," ती म्हणाली. त्यानंतर दहा मिनिटांत पुण्याहून मुलाचा मेसेज आला. एकच ओळ होती: 'बाबा, मला बहीण आहे का?'

मी रफिकभाईंना फोन केला. "तो चेहरा झाका, आत्ताच्या आत्ता!"

"टेन्शन कायको लेते, सर? माणूस पाठवतो."

त्यांचा माणूस शिडी घेऊन गेला आणि पांढरा कागद चिकटवून आला. कागद जरा कमी पडला. त्यानं फक्त डोळे झाकले. पेपरात चोरीच्या आरोपींचे फोटो छापतात ना, डोळ्यांवर पट्टी मारून? अगदी तसं! नाक मात्र जसंच्या तसं उघडं. आता मान वर न करता जाणारी माणसंही स्कूटर थांबवून बघायला लागली. "सरांनी झाकायला लावलं," ही बातमी तर माझ्या आधी घरी पोचली.

सकाळी अक्का आली. पिशवी ठेवली, पाणी प्यायली आणि मंगलशेजारी जाऊन बसली. दोघींनी माझ्याकडे बघितलं. मी काही बोलणार तेवढ्यात खाली एक टेंपो थांबला. टेंपोतून दहा-बारा माणसं उतरली आणि त्यातले एक धोतर-टोपीतले गृहस्थ हातात झेंडूचा हार घेऊन जिना चढून वर आले. मागून एक मुलगी. ओढणी कपाळापर्यंत ओढलेली.

"मी किसनराव सूर्यवंशी. सारिकाचा बाप."

अक्का ताडकन उठून उभी राहिली.

"सर," किसनराव म्हणाले, "लेकीचा फोटू लागला म्हणून सगळी भावकी घिऊन आलो. हार घालायचा म्हनलं बोर्डाला. चौकात जाऊन बघतो तर नाव आमचं हाय, मार्क आमचे हायत. पन तोंड कुनाचं हाय?"

"हेच आम्ही कालपासून विचारून राहिलोय!" अक्का म्हणाली.

माझं काय झालं असेल ते तुम्हीच बघा. बायकोची शंका एकवेळ चालते, अक्काच्या शिव्यांची सवय आहे. पण तो हार घेऊन उभा असलेला माणूस! त्यांच्या घरात पहिल्यांदा कोणी बारावी झालं होतं. तो हार त्यांना कुठं घालावा कळत नव्हतं आणि मला तोंड कुठं लपवावं.

मी सगळं सांगितलं. गोल, कंट्रोल झेड, गालातला हिरवा, आरसा, सगळं. मंगल म्हणाली, "काढून दाखवा."

"आत्ता?"

"आत्ता. मला काढा."

मी कॉम्प्युटर चालू केला. मागे चौघं उभे. खाली टेंपोतल्या माणसांना शेजारच्यांनी चहा दिला, आणि त्या निमित्तानं शेजारीही जिन्यात येऊन थांबले. माउसला घाम आला होता, पण मी काढत गेलो. अर्ध्या तासानं पडद्यावर एक बाई आली. कुंकू मंगलचं, अंबाडा मंगलचा, आणि मधे मी. साडी नेसून.

मंगलनं खाली वाकून बघितलं. तिचे ओठ हलायला लागले.

"मला काढ," अक्कानं हुकूम सोडला. वीस मिनिटांत अक्का झाली. चष्मा लावलेला मी. जिन्यातून कोणीतरी फिदीफिदी हसलं. आता किसनरावांनाही राहवेना. "सर, माझंबी बघा की काय व्हतंय." पडद्यावर त्यांची टोपी काढली, मिशा काढल्या. पण आरशाकडे बघायची सवय जाता जाईना. तयार झाला तो टोपीतला मीच.

अक्कानं चष्मा काढला, पुसला आणि निकाल दिला. "मंगल, सोड त्याला. ह्याला दुसरं नाक येतच न्हाई. ह्यानं मारुती काढला तरी असाच दिसंल."

मंगल इतकी हसली, इतकी हसली की शेवटी तिला भिंत धरावी लागली. मीही हसलो, म्हणजे तसा आवाज केला. निर्दोष सुटल्याचा आनंद मानावा की पाच महिन्यांच्या कलेचं काय झालं ते बघावं, हे मला ठरवता येत नव्हतं.

या सगळ्यात सारिका मागेच उभी होती. हसणं थांबल्यावर मी तिला म्हणालो, "माफ कर बाई. पण तू फोटो दिला नाहीस, म्हणून हा घोटाळा झाला."

"फॉर्मवर लिवलं होतं, सर," ती हळूच म्हणाली. "नाव टाका, फोटो नको."

मी फॉर्मची फाईल काढली. खरंच लिहिलेलं होतं, माझ्यासमोर, निळ्या शाईत. मी तो फॉर्म वाचलाच नव्हता.

"फोटो का नको?"

तिनं ओढणी मागे केली. डाव्या भुवईच्या वरून केसांत गेलेली एक लांब खूण होती. किसनराव सांगायला लागले. भूकंप झाला तेव्हा ती अडीच वर्षांची, आईबरोबर किल्लारीकडं आजोळी गेलेली. मामानं तिला ढिगाऱ्यातून काढलं. "लोकं कपाळाकडं बघत्यात, इचारत्यात. मग पुन्ना सगळं सांगत बसावं लागतं," ते म्हणाले. "तिला त्याचा कट्टाळा हाय."

सारिका मात्र पडद्याकडे बघत होती.

"सर, ती पोरगी अजून हाय का ह्याच्यात? फ्लेक्सवरची?"

मी 'मुलगी फायनल' उघडली. ती बराच वेळ बघत राहिली. मग विचारलं, "हे बाजूला छोटे छोटे डोळे कशाचे?"

"ते लेयर. पारदर्शक कागदांची चळत असते ना, तसं. एकावर केस, एकावर डोळे. डोळ्याच्या चिन्हावर दाबलं की तो कागद दिसेनासा होतो. परत दाबलं की दिसतो."

तिनं माउस घेतला. वेण्या घालवल्या. आणल्या. दात घालवले. आणले. केमिस्ट्रीच्या तासाला ही मुलगी अशी कधी पुढे झुकून बसलेली मला आठवत नव्हती.

"मला काढता का, सर?" तिनं विचारलं.

"फोटो नको म्हणालीस ना?"

"फोटो नकोच हाय. चित्र म्हनते मी."

अक्कानं लगेच फर्मान काढलं की पोरगी दोन दिवस इथंच राहील. मंगलनं शाळेतून रजा घेतली आणि आरशावर एक चादर टाकली. मग मी काढायचो आणि मागून ती सांगायची, "नाक परत तुमच्याकडं चाललंय, वळवा!" मी कंट्रोल झेड करायचो. सारिका समोर खुर्चीत बसायची, पण दर दहा मिनिटांनी उठून मागे येऊन बघायची, प्रश्न विचारायची. सावली निळी का? पांढऱ्यात पिवळा का टाकला? मला येत असलेली उत्तरं पहिल्याच दिवशी संपली. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं मिळून शोधत होतो.

शेवटी चेहरा झाला. कपाळ मी कोरं ठेवलं होतं. तिला वाईट वाटू नये म्हणून. ती जवळ आली, बघितलं.

"सर, तुम्ही विसरलात."

"विसरलो नाही गं. मुद्दाम..."

"वेगळा लेयर कसा घ्यायचा?"

मी दाखवला. तिनं माउस धरला आणि एका रेघेत, न थांबता, ती खूण काढली. भुवईपासून केसांपर्यंत. माझ्या पाच महिन्यांत इतकी खात्रीची रेघ एकदाही आली नव्हती. मग ती बाजूच्या डोळ्यावर दाबत राहिली. खूण गेली. आली. गेली. आली. मंगल आणि अक्का मागे उभ्या. किती वेळ ते चाललं कोण जाणे.

मग तिनं हात काढून घेतला. खूण दिसत होती.

"राहू द्या, सर. सेव्ह करा."

तिसऱ्या दिवशी रफिकभाईंनी स्वतः शिडीवर चढून नवीन फ्लेक्स लावला. "ये तो असली लगती है, सर," वरून म्हणाले. किसनराव परत टेंपो भरून आले होते. या वेळी हार चढला. त्यांच्या भावकीनं टाळ्या वाजवल्या, एका रिक्षावाल्यानं उगाचच हॉर्न वाजवला. सारिका खाली उभी राहून वर बघत होती. ओढणी खांद्यावर होती.

निघताना किसनरावांनी मला बाजूला घेतलं. आवाज हळू केला.

"सर, चित्र लई झ्याक झालं. लई उपकार. पन येक इचारू का? राग मानू नका."

"विचारा की!" मी छाती फुगवून म्हणालो.

"तुमी फॉर्म न वाचता फायनल म्हनता. नोट्स लिवतो म्हनून दीड पान लिवता. चित्र काढाया बसलं की समद्यांना एकच नाक लावता." त्यांनी टोपी सारखी केली. "तर पोरीला केमिस्ट्रीत जे अठ्ठ्याण्णव पडले, ते तिचे तिनंच पाडले ना?"

मी एकदा फ्लेक्सकडे बघितलं, एकदा मंगलकडे. मंगल मान वळवून दुसरीकडेच बघत होती, पण तिचे खांदे हलत होते.

"हो," मी म्हणालो. "तिचे तिनंच."

"मंग काळजी न्हाई," किसनराव म्हणाले आणि निर्धास्तपणे टेंपोत जाऊन बसले.